बसऱ्याच्या काकांचं पान

ग्वाल्हेर, शनिवार, २० सप्टेंबर २०२५
भाद्रपद वद्य चतुर्दशी

सकाळी स्वयंपाकघरात वड्यांची तयारी चालली होती आणि मी भिंतीवरच्या पंचांगासमोर उभी होते. आजच्या चौकोनात बारीक अक्षरांत छापलंय, ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’. लहानपणापासून दरवर्षी हे तिथे असणार, पण मी कधी वाचलंच नव्हतं. शस्त्राने गेलेल्यांसाठी आपल्याकडे एक वेगळी तिथी राखून ठेवलेली आहे, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशीची. मे ते ऑगस्ट मी अशाच माणसांच्या नावांसमोर रोज उभी राहून बोलत होते.

आजीला विचारलं, “आज आपल्याकडे पान असतं का गं?”

“असतं की. बसऱ्याच्या काकांचं. तुला ठाऊक नाही?”

मला खरंच ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं याच घरात, जनकगंजात वाढले. २०१८ साली बाबांच्या नोकरीपायी आम्ही कॅनडाला गेलो. तोवर श्राद्ध म्हणजे खीर, वडे आणि आमसुलाची चटणी, एवढंच डोक्यात. कोणाचं पान कुठलं, हे कधी विचारलं नाही.

आधी फ्रान्सचं लिहून काढते. आल्यापासून सगळे विचारतायत, “तिकडे काय करत होतीस?” आणि दर वेळी मी दोन वाक्यांत उरकते.

कॅनडा सरकार दरवर्षी विद्यार्थ्यांना फ्रान्समधल्या पहिल्या महायुद्धाच्या दोन स्मारकांवर गाईड म्हणून पाठवतं, विमी आणि बोमों-आमेल. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा बोलता याव्या लागतात. नागरिकत्व मिळाल्यावर मी अर्ज केला आणि निवड झाली. राहायला आरास गावात. पहिले दिवस फक्त प्रशिक्षणाचे.

विमीचा कडा तसा फार उंच नाही. आमच्या किल्ल्याच्या डोंगरापुढे तो टेकाडच वाटेल. पण भोवती सगळी सपाट जमीन, त्यामुळे वर ज्याच्या तोफा, त्याची चहूकडे नजर. ९ एप्रिल १९१७, ईस्टरचा सोमवार, पहाटे साडेपाच. बर्फमिश्रित पाऊस तोंडावर येत होता. कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदाच एकत्र चालून गेल्या. पुढे तोफगोळ्यांचा पडदा, तीन मिनिटांत शंभर यार्ड सरकणारा, आणि त्याच्या मागोमाग माणसं. फार पुढे गेलं तर आपल्याच गोळ्याने मरायचं, मागे राहिलं तर जर्मनांच्या मशीनगनने. चार दिवसांत ३,५९८ मेले, सात हजारांच्या आसपास जखमी झाले.

हे आकडे मी पाठ केले होते. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायचं होतं. मी शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली मुलगी. ‘देशासाठी प्राणांची आहुती’, ‘अमर झाले’, सगळं फ्रेंचमध्ये नीट बसवून बोलले. आमच्या मुख्य प्रशिक्षिका क्यूबेकच्या. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तू आत्ता कोणाबद्दल बोलत होतीस?” मी म्हटलं, सैनिकांबद्दल. त्या म्हणाल्या, “कुठल्या?”

मला उत्तर देता आलं नाही.

मग त्यांनी सगळ्यांना कोरी कार्डं दिली, पत्त्यांएवढी. त्यावर चारच ओळी लिहायच्या. नाव. गाव. वय. आणि चौथ्या ओळीत त्या माणसाची एक गोष्ट, लढाईशी संबंध नसलेली. स्मारकाच्या भिंतीवरचं एक नाव निवडा आणि ही चार घरं भरून आणा, म्हणाल्या. मला वाटलं, तासाभराचं काम. दोन दिवस लागले. पहिल्या तीन ओळी नोंदींमधून मिळतात. चौथीसाठी पत्रं वाचावी लागतात, भरतीचे कागद बघावे लागतात, आईला पाठवलेल्या पगाराची पावती बघावी लागते. माझ्या कार्डावरचा मुलगा सस्कॅचेवानचा शेतगडी होता, वीस वर्षांचा. त्याने घरी लिहिलं होतं की माझ्या घोडीला दुसऱ्या कोणाला विकू नका. ते वाक्य मी चार महिने रोज सांगितलं आणि एकदाही ते जुनं झालं नाही.

स्मारकाबद्दल थोडं लिहायलाच हवं. वॉल्टर ऑलवर्ड नावाच्या शिल्पकाराने ते घडवलं, २६ जुलै १९३६ ला त्याचं अनावरण झालं. दगड क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून आणलेला, जवळजवळ पांढरा. दोन उंच खांब, एक कॅनडाचा, एक फ्रान्सचा. कड्याच्या बाजूला एक स्त्री मान खाली घालून उभी आहे, मृत मुलांसाठी शोक करणारी कॅनडा. ती एकाच अखंड दगडातून काढलेली आहे. आणि खालच्या भिंतीवर ११,२८५ नावं, ज्यांचा देह फ्रान्समध्ये कुठे पडला ते कळलं नाही अशांची. नावं कोरताना दगडांच्या सांध्यांपाशी थांबलेले नाहीत, अक्षरं सांध्यावरून सरळ पुढे जातात. बोट फिरवलं की मधेच एखाद्या अक्षराच्या पोटात सांध्याची रेघ लागते. मला ती जागा फार आवडायची. सकाळी लोक यायच्या आधी मी तिथे जाऊन हात लावायचे.

भोवतालच्या रानात माणसाला पाऊल टाकायची परवानगी नाही, जमिनीत अजून न फुटलेले गोळे आहेत. म्हणून तिथे गवत कापायला मेंढ्या सोडतात. खाली खडूच्या दगडात खोदलेलं भुयार आहे, त्यात गाईडशिवाय जाता येत नाही. आत जाताना माणसं मोजायची, बाहेर आल्यावर पुन्हा मोजायची, हे आमचं काम. भिंतीवर कोणा सैनिकाने कोरलेलं मेपलचं पान आहे. हल्ल्याची वाट बघत बसलेला असताना त्याने हातातल्या कशाने तरी कोरलं असेल. त्या पानासमोर शाळेची दंगेखोर मुलंही गप्प व्हायची.

बोमों-आमेलला १ जुलै १९१६ ला न्यूफाउंडलंडची रेजिमेंट चालून गेली. आठशेच्या आसपास माणसं, अर्ध्या तासात संपली. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ जण उभे राहिले. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं, १९४९ ला आलं. त्यामुळे १ जुलैला बाकी कॅनडा देशाचा वाढदिवस करतो आणि ते लोक सकाळी झेंडा अर्ध्यावर उतरवतात.

प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या घराशी जोडलेलं काहीतरी शोधून सांगायचं होतं. बाकीच्यांचे पणजोबा, खापरपणजोबा लढलेले. मी म्हटलं, मी ग्वाल्हेरची, माझं इथे काय असणार? बाबांना फोन केला. ते म्हणाले, आपल्या माधवराव शिंदे महाराजांनी पहिल्या महायुद्धात इस्पितळाची आगबोट दिली होती, ती बघ. शोधायला बसले आणि अंगावर काटाच आला. ती बोट मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, कॅनडाच्या पॅसिफिक रेल्वे कंपनीची, १८९१ ची. व्हँकुव्हरहून जपान आणि हाँगकाँगला जायची. १९१४ साली महाराजांनी ती विकत घेतली, जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचं इस्पितळ केलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’. युद्धानंतर ती मुंबईच्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेली आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. त्या दिवसाचा आज आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो.

व्हँकुव्हरची बोट ग्वाल्हेरची झाली. मी हे सांगितलं तेव्हा प्रशिक्षिकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, “आणि त्या बोटीवर जे झोपले होते, ते कोण?”

सुट्टीच्या दिवशी मी न्यू-शापेलला गेले. विमीपासून फार लांब नाही. १९१५ च्या मार्चमध्ये हिंदी फौज तिथे लढली. १९२७ साली बांधलेलं हिंदी स्मारक आहे, ४,७०० हून जास्त नावांचं. गोल आवार, मधे उंच खांब, त्याच्या माथ्यावर कमळ, खाली दोन वाघ. आणि भिंतीवर घुमटाच्या लहान छत्र्या! मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली पोर, आमच्या छत्री बाजारातून शाळेत गेलेली. फ्रान्सच्या बीटाच्या शेतात ती छत्री बघून पाय तिथेच थबकले. सोबत आलेल्या मुलीला मी नावं वाचून दाखवली. नाईक, हवालदार, शिपाई. ती विचारत होती, हे आडनाव आहे का? मी तिला एकेक शब्द समजावून सांगत गेले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मला कुठलाही उच्चार कोणाला विचारावा लागला नाही.

पण सगळ्यांच्या नशिबी भिंत आली नाही. बसऱ्याच्या स्मारकावर, जिथे इराकच्या लढाईतले चाळीस हजारांवर लोक आहेत, गोऱ्या सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा लिहिला. २०२१ साली ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच्या अहवालात हे मान्य केलं आणि माफी मागितली. आम्हाला प्रशिक्षणात हे शिकवलं होतं. मी टिपून घेतलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं की आमच्या माजघरात ‘बसऱ्याचे काका’ आहेत.

दुपारी अकराला गुरुजी आले. पाटावर माझे काका बसले. संकल्पात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा काकांनी आजीकडे बघितलं, आजीने मान हलवली, आणि गुरुजी ‘यथानामगोत्र’ म्हणून पुढे गेले. इतकं सराईतपणे, की दरवर्षी असंच होत असणार. मी कोपऱ्यात बसले होते, मला एकदम घशाशी दाटून आलं. तिकडच्या भिंतीवर नाव नाही. इथेही नाही.

नंतर केळीची पानं पुसताना आजीला विचारलं, “नाव कसं गं हरवलं?”

ती म्हणाली, “हरवलं कसलं. माझ्या आजेसासूबाईंचे ते धाकटे दीर. त्या आपल्या भाऊजी म्हणायच्या. मुलं काका म्हणायची. नावाने हाक मारणारे मोठे होते ते आधीच गेले. मी सून होऊन आले तेव्हा घरात फक्त भाऊजी आणि काका उरलं होतं.”

“पलटण कुठली?”

“ते नाही बाई माहीत. खेचरांवर होते म्हणत. शिंदे सरकारच्या फौजेत. बसऱ्याला गेले ते गेलेच.”

परवा फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीवर गेले होते. तिथून जवळच गंगादासजींची मोठी शाळा, म्हणजे साधूंचा मठ आहे. राणीच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून तिथले ७४५ साधू इंग्रजांशी लढून पडले, अशी परंपरा सांगतात. तिथल्या एका बाबांना मी विचारलं, त्यांची नावं कुठे मिळतील? ते म्हणाले, “बेटी, साधू का नाम क्या.” मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. संन्यास घेतला तरी आईने ठेवलेलं नाव असतंच.

आजीने पान वाढलं. खीर, वडे, गवारीची भाजी, भोपळा, कढी, चटणी. मग ती उठून देवघराच्या कोनाड्यातल्या डबीकडे गेली आणि चिमूटभर तंबाखू आणि चुन्याचा ठिपका पानाच्या कडेला ठेवला. मी बघतच राहिले.

“हे काय?”

“आजेसासूबाई ठेवायच्या, म्हणून मी ठेवते. भाऊजींना लागायची म्हणे. निघतानासुद्धा डबी विसरले आणि अर्ध्या वाटेतून परत आले होते, रेल्वे चुकता चुकता राहिली.”

गच्चीवर पान ठेवून आम्ही मागे उभे राहिलो. बराच वेळ कावळा शिवेना. काका अस्वस्थ झाले. आजी हात जोडून म्हणाली, “भाऊजी, पोरगी लांबून आलीय, तिच्यासाठी तरी.” पाण्याच्या टाकीवरून एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

आत्ता रात्रीचे साडेदहा. बॅगेत विमीची उरलेली कोरी कार्डं सापडली, एक काढून घेतलं. दाणाओळीत काकांच्या चुलत आत्या राहतात, नव्वदीच्या, त्यांच्याकडे उद्या सर्वपित्रीचं जेवण उरकलं की जायचं ठरलंय. काका म्हणाले, त्यांना घरातली जुनी माणसं नावानिशी आठवतात.

पहिली ओळ मोकळी सोडली आहे. दुसऱ्या ओळीत लिहिलं, लष्कर, ग्वाल्हेर. तिसरी मोकळी. चौथीत, तंबाखूची डबी घ्यायला अर्ध्या वाटेतून परत आले होते.