मे महिन्यातला गोवा: कुर्डी, सावईवेरे आणि चोडणचा बांध

मे महिन्यात गोव्याला जाणारी माणसं समुद्र बघायला जातात. आम्ही गेलो ते गोडं पाणी बघायला. मी दोडामार्गचा. आमच्या तिळारी धरणाचं पाणी कालव्याने गोव्यात जातं आणि तो कालवा कुठे फुटला की पेडणे-बार्देशातले नळ कोरडे पडतात, हे लहानपणापासून ऐकत आलोय. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे एप्रिल उजाडला की टँकर का फिरतात, हे एकदा गावोगाव हिंडून बघायचं मनात होतं. फोंड्याला मावसभाऊ असतो. त्याची गाडी घेतली आणि आधी सांग्याकडे निघालो.

साळावली धरणाचं पाणी उतरलं की कुर्डी गाव वर येतं. ऐंशीच्या दशकात हे गाव बुडालं आणि कुर्डीकर वाडे-वालकिणीला जाऊन वसले. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हेच गाव. भेगाळलेल्या गाळातून चालताना घरांचे चौथरे लागतात, विहिरींची तोंडं लागतात, झाडांचे काळे पडलेले बुंधे लागतात. जुनं महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारलं. सोमेश्वराचं देऊळ मात्र इथेच आहे आणि मे महिन्यात त्याच्या उत्सवाला कुर्डीकर परत येतात. दक्षिण गोव्याचे नळ या धरणावर चालतात, त्यामुळे धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. पण एका गावाने एवढं दिलंय, तर त्या पाण्याचा थेंब गळक्या पाइपांतून वाया जाताना राग यायलाच हवा. मला येतो.

सावईवेऱ्याचं कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळीची बाग, हे वेगळंच जग. बाहेर अंग भाजत होतं आणि आत शिरल्यावर घाम सुकला. डोंगराच्या पोटाशी झर, झरीखाली तळी, तळीतून निघालेला पाट आणि पाटाच्या उताराने पोफळी, केळी, मिरवेल, जायफळ. कुळागरवाल्या काकांनी खोऱ्याने पाटाचं तोंड मोडलं, एका आळ्यात पाणी सोडलं आणि ते भरेपर्यंत आम्हाला बोलू दिलं नाही. मग म्हणाले, "झर अजून आहे रे, पण पूर्वीसारखी मे अखेरपर्यंत टिकत नाही. पाऊस काय कमी झाला नाही. पडतो तो एकदम पडतो, मुरायला वेळच देत नाही."

हे मला पटलं. 2024 च्या पावसाळ्यात गोव्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, तरी पुढचा उन्हाळा काही सुकर झाला नाही. कोसळलेलं पाणी काही तासांत ओहोळातून नदीला आणि नदीतून समुद्राला मिळतं. ते अडवायचं तर डोंगरमाथ्यावरचं रान जागेवर हवं आणि तळीतला गाळ वेळेवर काढायला हवा. काकांच्या तळीतला गाळ आम्ही गेलो त्याच वर्षी काढला होता, तो पोफळीच्या मुळाशी घातलेला दिसत होता. वरच्या डोंगराला मात्र कुणीतरी रस्त्यासाठी कापा मारलाय. तिथे काकांचं काही चालत नाही.

खरा वेळ गेला तो चोडणला. रायबंदरहून फेरीने मांडवी ओलांडली की बेटाच्या कडेने खाजन शेती सुरू होते. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली ही जमीन पूर्वजांनी नदीकडून मागून घेतली. चिखल, पेंढा आणि चिऱ्याचा बांध, बांधाबाहेर लाटा अंगावर घेणारी खारफुटी आणि बांधाच्या पोटात मानस, म्हणजे पाणी सोडायचं-अडवायचं दार. मानशीच्या लाकडी झडपा आम्ही ओहोटी लागताना बघितल्या. आतल्या पाण्याचा भार वाढला तशा त्या कुरकुरत नदीच्या बाजूला उघडल्या आणि पाणी धो धो बाहेर निघालं. भरती आली की नदीचंच पाणी त्या दाबून बंद करतं. वीज नाही, मोटर नाही. जूनच्या पहिल्या पावसाने शेतातलं मीठ धुऊन याच वाटेने बाहेर जातं आणि मग खारं सोसणारं कोरगूट भात पेरतात.

आता अडचण अशी. मानस उघडते फक्त ओहोटीला. ढगफुटीसारखा पाऊस ऐन भरतीला झाला, तर पाणी जाणार कुठे? समुद्र जसजसा चढतोय तसतसे ओहोटीचे ते थोडे तासही आखडत जाणार. वरून म्हादईचं गोडं पाणी कमी झालं, तर उन्हाळ्यात खारं पाणी नदीत आणखी आत घुसेल. म्हणूनच कर्नाटकाशी चाललेल्या पाणीवाटपाच्या वादात 2018 मध्ये लवादाचा निवाडा आला, तरी म्हादईचं नाव काढलं की इथला माणूस अस्वस्थ होतो. मांडवी म्हणजे म्हादईच ना!

बांधावरच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वाकून आम्हाला कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, बीळ दाखवलं. दोन बोटं जाईल एवढं भोक. "हे आज बुजवलं तर मूठभर चिखल लागतो. राहिलं तर भरती त्यातून आत येते आणि एका अमावस्येला बांध जातो. मग गावाची दोन-तीन वर्षं खारी." गावकारीच्या, म्हणजे गावाची जमीन सामायिक सांभाळण्याच्या जुन्या पद्धतीच्या, काळात बांधावर नजर ठेवणं हे ठरलेलं काम होतं. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनांकडे गेलं. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे न्यायाचंच झालं. पण आता कसणारेच घटले, तरणी मुलं पणजीत नोकरीला गेली, आणि काही ठिकाणी मासळीसाठी मानशी उघड्या ठेवून मुद्दाम खारं पाणी आत घेतात, असं ते म्हणाले.

हवामान बदलाला तोंड द्यायचं म्हणून नव्या भिंती बांधायच्या योजना निघतात. त्याआधी या बांधांना पगारी राखणदार द्या, असं मला कळकळीने वाटतं. आणि डागडुजीचा पैसा वेळेत द्या. त्या शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं: चिखल संक्रांतीनंतर लगेच चढला तर उन्हात वाळून घट्ट बसतो. त्यांच्या बांधाच्या कामाला मंजुरी आली ती मेच्या मध्यात, आणि आम्ही गेलो तेव्हा चिखल अजून ओलाच होता.