सोमवतीची जेजुरी: गाभाऱ्याची रांग सोडा, पालखी धरा

सोमवती अमावस्येला जेजुरीला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो दर्शनाच्या रांगेचा. किती तास लागतील, पास मिळतो का, ओळख काढता येईल का. माझं ऐकाल तर त्या दिवशी गाभाऱ्याचा नादच सोडा. सोमवतीला खंडोबा स्वतः पालखीत बसून गड उतरतो, कऱ्हेवर स्नान करतो आणि रात्री पुन्हा वर जातो. तो आपल्या अंगावरून जाणार असताना आपण बॅरिकेडच्या आत पुढच्याची पाठ बघत उभं राहायचं, यात काय मजा? गाभारा दुसऱ्या दिवशी सकाळी बघावा. आम्ही हिवाळ्यातल्या सोमवतीला असंच केलं. बरोबर गुडघे धरून बसणारी आत्या होती, तरी सगळं निवांत झालं.

आधी वेळेचं बघा, कारण बाहेरगावचे लोक फसतात ते इथे. सोमवारी अमावस्या आली म्हणजे सोमवती, एवढं कॅलेंडरात कळतं. पण पालखी कधी उचलायची ते अमावस्या किती वाजता लागते आणि किती वाजता संपते त्यावर ठरतं. कधी ती भल्या सकाळीच निघते, कधी जेवणवेळ टळून गेल्यावर. गावातले मानकरी, खांदेकरी आणि पुजारी मंडळी बसून वेळ ठरवतात, मग ती जाहीर होते. कुणी पुजारी ओळखीचे असतील तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. मागच्या वेळी दुपारी होती म्हणून याही वेळी दुपारी, असा हिशेब धरू नका.

पुण्याहून हडपसर, दिवे घाट, सासवड असं जेजुरी पन्नासेक किलोमीटर. स्वारगेटहून एसटी आहे, हडपसरहून पीएमपीएमएलची बस आहे, आणि पुणे-मिरज लाइनवर जेजुरी स्टेशनही आहे. स्टेशन गडाच्या पायथ्यापासून जरा लांब पडतं, पण त्या दिवशी रस्त्याचे हाल बघता रेल्वे बरी. पालखीच्या दिवशी मोठ्या गाड्यांची वाहतूक वळवतात आणि खासगी गाड्या गावाबाहेरच थोपवतात. गाडी आणलीच तर जाताना तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. रविवारी संध्याकाळी पोहोचून मुक्काम करणं सगळ्यात सोयीचं, मात्र रविवार हा खंडोबाचाच वार. तेव्हा त्याही दिवशी गर्दी असते, आणि खोली आधी सांगून ठेवलेली बरी. देवसंस्थानाचा भक्तनिवास आहे. ज्यांचं कुलदैवत खंडोबा आहे त्यांचे पिढीजात पुजारी असतात, त्यांच्या घरी उतरायची सोय होते आणि जेवणही घरचं मिळतं. आम्ही आमच्या पुजाऱ्यांकडेच उतरलो. जागा नाहीच मिळाली तर सासवडला राहून पहाटे निघता येतं.

सकाळी पहिलं काम भंडाऱ्याचं, म्हणजे देवावर उधळायच्या हळदीचं. गडाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पिवळे ढीग लागलेले असतात आणि जो तो "ताई, पिवर हळद" म्हणूनच देतो. चिमूटभर घेऊन तळहातावर चोळा, वास घ्या. हळदीला हळदीचा वास येतो. नुसती पिवळीधमक, बिनवासाची पूड असेल तर पुढे चला. ती डोळ्यांत गेली की आग होते. आत्याने घरूनच दळलेली हळद आणली होती आणि मला वाटतं तेच बरोबर. दुसरी गोष्ट खोबऱ्याची. भंडाऱ्याबरोबर खोबरं उधळतात. अख्खी वाटी कुणाच्या टाळक्यात बसली तर टेंगूळ येतं. बारीक तुकडे करून घ्या. आणि दिवट्या पेटलेल्या असतील तिथे भंडारा उधळूच नका. बारीक पूड आहे, ज्योतीवर पडली की भडका उडतो.

तळी, म्हणजे देवाच्या नावाने ताम्हन भरून उचलायचा विधी, आम्ही पुजाऱ्यांच्या ओट्यावरच केली. वर देवळासमोरच्या कासवाजवळ तळी भरण्याचा मान मोठा खरा, पण सोमवतीला तिथे उभं राहायला जागा नसते. तांब्याच्या ताम्हनात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा आणि मधोमध कोटंबा, म्हणजे देवाचं भिक्षापात्र. शेजारी दिवटी आणि तिच्या तेलाची बुधली. खंडोबाला वाहिलेला वाघ्या आला, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, हातात दिमडी. पाच जणांनी ताम्हन उचलायचं तर आम्ही चारच निघालो. आतेभाऊ गल्लीत कुणी मिळतंय का बघायला निघाला तेव्हा वाघ्या आत्याला म्हणाला, "आजी, तुमीच लावा की हात. देव काय निस्त्या बाप्यांचाच हाय व्हय?" आत्याने पदर खोचला आणि हात लावला. "सदानंदाचा येळकोट" म्हणत ताम्हन तीनदा वर गेलं, खाली टेकलं, भंडारा सगळ्यांच्या कपाळी लागला. वाघ्याला दक्षिणा आणि शिधा दिला. सुटे पैसे भरपूर ठेवा. जेजुरीत पाचशेची नोट मोडून देणारा भेटत नाही.

आता कुठे उभं राहायचं ते. वर गडकोटात उभं राहिलात तर पालखी उचलण्याचा क्षण मिळतो. खाली नंदी चौकात थांबलात तर पायऱ्या उतरून येणारी पालखी समोरून दिसते. तिसरी जागा म्हणजे गावाबाहेर कऱ्हेच्या वाटेवर, जिथे गर्दी पातळ होते आणि पालखीखालून मुलं काढता येतात. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर तिसरीच जागा घ्या. आम्ही आत्याला आतेभावाबरोबर रस्त्याकडेच्या एका दुकानाच्या ओट्यावर बसवलं आणि मी एकटी वर गेले.

गडाला नऊ लाख पायऱ्या, असं गाण्यांत म्हणतात. प्रत्यक्षात साडेतीनशेच्या वर आहेत आणि त्या अंगावर येत नाहीत; मधे कमानी, दीपमाळा, टेकायला कट्टे आहेत. नवीन जोडपी आली की नवऱ्याने बायकोला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, ही रीत अजून आहे. बघणारे येळकोट कमी आणि शेरे जास्त मारतात. अर्ध्या वाटेवर बानूबाईचं देऊळ लागतं. म्हाळसा लिंगायत वाण्याची, ती वर देवाजवळ. बानू धनगराची, तिचं ठाणं मधल्या टप्प्यावर. सवतींचं पटलं नाही म्हणून देवाने अशी वाटणी केली असं लोक सांगतात. धनगर मंडळी बानूला भेटल्याशिवाय पुढे जात नाहीत, तुम्हीही जाऊ नका. पायऱ्यांवर भंडाऱ्याचा थर असतो, त्यावर पाणी सांडलं की घसरगुंडी होते. चपला खालीच ठेवा, उन्हं तापायच्या आत चढा आणि कठड्याकडेने चाला.

वरचा कोट बघण्यासारखा आहे आणि पालखीची वाट बघताना बघून होतो. सभामंडप १६३७ साली राघो मंबाजीने बांधला, पुढे होळकरांनी तटबंदी आणि ओवऱ्या बांधल्या. देवळासमोर पितळी पत्र्याने मढवलेलं मोठं कासव आहे. एरवी त्यावर तळ्या भरतात. त्या दिवशी त्यावर माणसंच माणसं होती.

भंडारगृहातून उत्सवमूर्ती आणून पालखीत ठेवल्या. सनई-चौघडा वाजत होताच. गावचे मानकरी असलेल्या पेशव्यांची इशारत झाली, बंदुकीचा बार उडाला आणि पुढचं काही क्षण दिसलंच नाही. ओवऱ्यांच्या छतांवरून, तटावरून, सगळीकडून भंडारा एकदम खाली आला. हवा पिवळी, जीभ कडू, पापण्यांवर थर. त्यातून आधी अब्दागिरीचं टोक दिसलं, मग दांडी, मग खांदेकऱ्यांचे हात. देवळाला प्रदक्षिणा घालून पालखी पायऱ्यांना लागली आणि तेव्हा त्यांची कसरत कळली. उतारावर पुढच्यांनी दांडी खांद्यावरून उचलून हातांवर घेतली होती, मागचे कमरेत वाकले होते, आणि पालखी मात्र सपाट चालली होती. एक जण दमला की दुसरा खालून खांदा सारतो, तोंडाने काही बोलायची गरज पडत नाही. त्यांच्या वाटेत फोन घेऊन उभं राहू नका. ते थांबू शकत नाहीत, आणि त्यांनी ढकललं तर राग मानायचं कारण नाही.

फोनवरून आठवलं: भंडारा चार्जिंगच्या भोकात आणि स्पीकरमध्ये जाऊन बसतो. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत फोन घाला. डोळ्यांत लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा लावा, दम्याचा त्रास असेल तर मास्क हवाच. नेटवर्क दुपारी मरतं, म्हणून भेटायची जागा आधी ठरवा. ती नंदी चौक नको, कारण सगळ्या जेजुरीने तीच ठरवलेली असते. मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

कऱ्हा तीन-चार किलोमीटरवर आहे. पालखीच्या मागे चालत गेलो तर अंतर कळत नाही. पुरंदरच्या दुष्काळी पट्ट्यातली नदी, तिला पाणी किती असेल याचा नेम नाही. आम्हाला गुडघाभर मिळालं, ते नशीब. मूर्तींना स्नान घातलं, आरती झाली आणि मग काठावरचे सगळे एकदम पाण्यात उतरले. इथे घाई करू नका. पहिली झुंबड ओसरू द्या, मग पाय बुडवा. बायकांना कपडे बदलायला नीट आडोसा मिळेल अशी आशा ठेवू नका. मी नुसतं डोक्यावर पाणी घेतलं. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी गावातूनच घ्यावं.

परतीच्या वाटेवर पालखी विसावा घेत, गावात भेटी घेत रात्री गडावर पोहोचते. त्यानंतर जे होतं ते बघायला फार कमी लोक थांबतात. खांदेकऱ्यांना आणि सेवेकऱ्यांना रोजमुरा वाटतात, म्हणजे दिवसभराच्या सेवेची ज्वारी. माझ्या शेजारच्या खांदेकऱ्याने ती उपरण्याच्या टोकाला बांधली. विकायची नाही, घरच्या कणगीत टाकायची, म्हणाला. त्याचा खांदा सोलवटून लाल झाला होता आणि तो पुढच्या सोमवतीची तिथी कुणाला तरी विचारत होता.

मंगळवारी सकाळी गड रिकामा असतो. आत्या मधे मधे टेकत वर आली, गाभाऱ्यात उभी राहून लिंगाला आणि खंडोबा-म्हाळसेला डोळे भरून बघून घेतलं, कुणी "चला पुढे" म्हटलं नाही. मी त्याआधी उजाडताच कडेपठारला जाऊन आले. देवाचं जुनं ठाणं ते, वरच्या डोंगरावरचं. एका म्हाताऱ्या भक्ताला तिथवर चढवेना म्हणून देव खालच्या गडावर आला, अशी कथा आहे. वाट चांगलीच चढाची आहे, दीड तास हाताशी ठेवा, आणि ऊन चढल्यावर निघू नका. खाली होळकर तलावाकाठी मल्हार-गौतमेश्वराचं देऊळ आहे, गावात त्याला छत्री मंदिर म्हणतात. मल्हारराव होळकर आणि गौतमाबाईंच्या स्मरणातलं. तिथे कुणीच नव्हतं.

सोमवती जमली नाही तर बाकीच्या यात्राही आहेत. चंपाषष्ठीला मार्गशीर्षातले सहा दिवस घट बसतात आणि शेवटी वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य होतो. कांदा-वांगं सोडलेली घरं त्या दिवशी ते पुन्हा धरतात. दसऱ्याला गडाची आणि कडेपठारची अशा दोन पालख्या रात्री डोंगरात भेटतात आणि पहाटे जवळजवळ मणभर वजनाचा खंडा, म्हणजे देवाची तलवार, उचलायच्या, दातांत धरायच्या स्पर्धा लागतात. रात्रभर जागायची तयारी असेल तरच जा. माघ पौर्णिमेला संगमनेरची होलमांची आणि सुप्याची खैरेंची मानाची काठी देवळाच्या शिखराला लावतात, आणि कोकणातले कोळी नाचत येतात. पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. गर्दीला भिणाऱ्यांनी रविवार, पौर्णिमा, अमावस्या टाळून एखादा साधा बुधवार-गुरुवार धरावा.

कपडे जुने घाला आणि एक जोड पिशवीत जादा ठेवा, त्याच अंगाने एसटीत बसलात तर शेजारचाही पिवळा होतो. घरी आल्यावर कपडे आधी कोरडे झटका, मग नुसत्या पाण्यातून काढा. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो. रंग चढला म्हणून घाबरू नका, पुन्हा खळबळून कडक उन्हात टाका. दोन-तीन उन्हांत बराचसा उडतो. गाडीच्या सीटांवर जुनी चादर निघतानाच अंथरा, कारण तिथला भंडारा दिवाळीपर्यंत निघत राहतो.