टोपीवाला ‘यू’: सहाव्या आठवड्याची नोंद

मंडळी, नोंद उशिरा टाकतोय. मधले दहा दिवस मी चुकीचं पाठ करत होतो, आणि चुकीचं पाठ केलेलं विसरायला दुप्पट वेळ लागतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: मी फ्रेंच शिकतोय आणि सध्या प्लू-क-पार्फे द्यू स्युब्जोंक्तिफच्या (जुन्या वळणाचा, आता लिखाणातच भेटणारा एक भूतकाळ) मागे लागलोय. वर्गात बाईंनी हा काळ एका वाक्यात आटोपला होता, ‘वाचताना ओळखता आला म्हणजे झालं.’ मला काही ते झालं नाही. नावाने धडकी भरते, पण आत सामान मोजकंच आहे. आव्वार (‘जवळ असणं’) किंवा एत्र (‘असणं’) या सहायक क्रियापदाचं एंपार्फे द्यू स्युब्जोंक्तिफ हे रूप घ्यायचं, पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसिप पासे (‘पडलेला’, ‘गेलेला’सारखं रूप) लावायचं. पार्तिसिप आपल्याला पासे कोंपोझे या नेहमीच्या भूतकाळापासून येतच असतात, म्हणजे नवीन पाठांतर फक्त बारा रूपांचं.

आव्वारची: यूस, यूस, यू, यूसियों, यूसिये, यूस. एत्रची: फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिये, फ्यूस. लिहायला प्रत्येकी सहा, कानाला चारच. उच्चारासाठी ओठ ‘ऊ’ला आणि जीभ ‘ई’ला ठेवा. देवनागरीत ‘यू’ लिहितोय ती निव्वळ तडजोड. पहिला आठवडा भांडी घासताना ही बाराखडी म्हणण्यात गेला. घरच्यांना वाटलं, मी मांजराला हुसकावतोय.

आता ते दहा दिवस. तृतीयपुरुषी एकवचनी ‘यू’ दोन आहेत. एक पासे आंतेरियर या दुसऱ्या जुन्या भूतकाळातला, बिनटोपीचा. दुसरा आपला, डोक्यावर सर्कोंफ्लेक्स (^ ही टोपीसारखी खूण) असलेला. उच्चारात काडीचा फरक नाही. स्वतःच ध्वनिमुद्रित केलेली वीस वाक्यं आठवड्याने ऐकून लिहिली, तर अकरा ठिकाणी टोपी चुकली. ‘बियें क’ (जरी) आणि ‘आवां क’ (आधी) यांच्यानंतर टोपी हवी, ‘आप्रे क’नंतर (म्हणजे ‘नंतर’) नको, कारण तिथे गोष्ट खरोखर घडून गेलेली असते. मी तिन्हीकडे सरसकट टोपी घालत होतो. (‘आप्रे क’नंतर स्युब्जोंक्तिफ लावण्याची चूक फ्रेंच माणसंही सर्रास करतात, एवढंच समाधान.) थोडक्यात, मी ‘यू’ला टोपी घातली आणि ‘यू’ने मला.

सुटका एका साध्या युक्तीने झाली. वाक्यातला ‘तो’ काढून अनेकवचनी ‘ते’ घाला आणि मोठ्याने म्हणा. ‘इल्झ्यूर’ बसलं तर टोपी नको, ‘इल्झ्यूस’ बसलं तर हवी. हे का चालतं तेही गमतीचं आहे. सर्कोंफ्लेक्स ही गळून पडलेल्या ‘एस’ची खूण. जुन्या फ्रेंचमध्ये हा ‘यू’ लिहिताना ‘टी’च्या आधी ‘एस’ असायचा. एकवचनात तो गेला, टोपी ठेवून गेला; अनेकवचनात अजून शाबूत आहे आणि ऐकूही येतो. 1990च्या शुद्धलेखन सुधारणेत ‘आय’ आणि ‘यू’ या अक्षरांवरच्या बऱ्याच टोप्या ऐच्छिक झाल्या, पण क्रियापदांच्या या रूपांवरची टोपी त्यांनीही काढली नाही. काढली असती तर माझे दहा दिवस वाचले असते!

आणि हे शेवटचं वाक्य लिहितानाच लक्षात आलं की हा काळ आपल्या घरातच आहे. काढली असती, वाचले असते. संकेतार्थ! शाळेतल्या व्याकरणातलं वाक्य आठवा: पाऊस पडला असता तर पीक चांगलं आलं असतं. जुन्या वळणाच्या फ्रेंचमध्ये: ‘सिल यू प्ल्यू, ला रेकोल्त यूत एते बॉन.’ असता–असतं, यू–यू. दोन्ही बाजूंना एकच रूप. आजच्या फ्रेंचमध्ये डावीकडे एक काळ आणि उजवीकडे दुसरा, म्हणून तिथे मी कायम अडखळायचो. हे जुनं वळण मराठी माणसाला उलट सोपं जातं. (‘प्ल्यू’ हे पाऊस पडण्याचंही पार्तिसिप आणि आवडण्याचंही. ‘बियें किल यू प्ल्यू’ म्हणजे पाऊस पडला होता तरी, किंवा तो आवडला होता तरी. संदर्भ नसेल तर छत्री जवळ ठेवा.)

फ्रेंच विचारवंत पास्कालचं क्लिओपात्राच्या नाकाबद्दलचं प्रसिद्ध वाक्य याच सुमारास पुन्हा वाचलं. त्याची टिपणं तो गेल्यावर, 1670मध्ये छापली गेली. ‘सिल यूत एते प्ल्यू कूर’, ते आणखी आखूड असतं, तर पृथ्वीचा चेहरामोहराच बदलला असता. इथे ‘यू’चा एरवी मुका असलेला ‘टी’ पुढच्या स्वरामुळे बोलू लागतो. पण उजवीकडे पास्काल साधं ‘ओरे शांजे’ (बदलला असता) लिहितो, तिथे यू नाही. माझा यू–यूचा नियम लगेच थोडा सैल करावा लागला.

पार्तिसिपच्या लिंगवचनाचंही तसंच. ‘ती गेली असती’मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे, ‘तिने पत्रं लिहिली असती’मध्ये कर्माप्रमाणे. एत्र आणि आव्वारचा मामला बराचसा हाच, फक्त आव्वारला कर्म आधी आलेलं लागतं. ‘ती झोपली’ मात्र फसवते. फ्रेंचमध्ये झोपणं आव्वारवर चालतं, त्यामुळे पार्तिसिप हलत नाही.

कुणी विचारेलच, याचा उपयोग काय? बोलण्यात शून्य. 28 डिसेंबर 1976च्या फ्रेंच सरकारी आदेशाने तर परीक्षेतही याच्या जागी साधं पासे द्यू स्युब्जोंक्तिफ (याचाच सोपा भाऊ) चालवून घ्यायला सांगितलं आहे. पण जुनी कादंबरी उघडली की ‘ओं न्यू दी’ पानोपानी भेटतं, आणि आता मी ते ‘जणू’ म्हणून न थांबता वाचून जातो.

कालच्या वीस वाक्यांत चुका तीन. त्यातल्या दोन ‘न्यूत एते ला प्लुई’मध्ये, म्हणजे ‘पाऊस नसता तर’. यात ‘सी’ म्हणजे ‘जर’च नाही, नुसता यू पुढे येऊन बसलाय, आणि बहुवचन करून पाहायला ‘तो’ही नाही. पुढचा आठवडा यालाच.