आत्याचं घर आणि उत्तरेची भिंत

आत्याच्या घराचं कुलूप आम्ही 14 महिन्यांनी उघडलं, तेव्हा सगळ्यात आधी वास आला. उग्र, गटारासारखा. दादा उंबऱ्यातच थांबला. म्हणाला, "उंदीर मेलाय कुठेतरी." दोन तास आम्ही उंदीर शोधत होतो. माळा पाहिला, पलंगाखालच्या ट्रंका ओढल्या, ओट्यामागच्या फटीत बॅटरी मारली. उंदीर नव्हताच, वास मोरीतून येत होता. मोरीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो, त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि तेच पाणी खालच्या पाइपातली हवा घरात येऊ देत नाही. घर बंद पडलं की ते आटतं आणि वासाला वाट मोकळी होते. सगळ्या मोऱ्यांत आणि बेसिनमध्ये पाणी ओतलं, खिडक्या सताड उघडल्या. संध्याकाळपर्यंत घराला त्याचा नेहमीचा वास परत आला, डांबरगोळ्यांचा आणि जुन्या पुस्तकांचा. मी तिथेच पायरीवर बसून थोडी रडले.

आत्यानं लग्न केलं नव्हतं. घर तिनं आम्हा दोघा भाचरांच्या नावावर केलं. ते ठेवणं आम्हा दोघांनाही झेपणारं नाही, हे आम्ही फार आधी बोलून घेतलं होतं. पण विकायचं म्हटलं तरी आहे त्या अवस्थेत दाखवण्यासारखं नव्हतं, आणि हातात पैसे होते माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढे. दादाच्या घराचे हप्ते चालू आहेत, त्याच्याकडे मी मागणार नव्हते.

मग मी एक वही केली आणि पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'बघणारा कशाला घाबरेल'. उजवीकडे, 'बघणाऱ्याला काय आवडेल'. पैसे फक्त डावीकडच्या रकान्यावर खर्च करायचे, उजवीकडचं सगळं अंगमेहनतीनं करायचं. गेल्या चार महिन्यांत जे काही ठरवलं, ते या एका रेघेवर ठरवलं.

डाव्या रकान्यात पहिली होती उत्तरेच्या खोलीतली भिंत. जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे, त्याखाली पांढरा खार. दादाचं म्हणणं, "अगं, खरवडून रंग मारून टाकू. कोण बघतंय एवढं?" मी हो म्हणाले, ही माझी चूक. पुट्टी भरली, दोन हात रंग दिला, भिंत छान दिसू लागली. तीन आठवड्यांनी गेले तर त्याच जागी पापडासारखे फुगे. बोट लावलं की आतून ओलसर भुगा पडत होता. रंगाचा डबा आणि तीन रविवार वाया गेले.

तेव्हा कुठे ओल येते कुठून हे शोधायला घेतलं. त्याची एक साधी चाचणी आहे. दीड फुटाचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला आले, तर खोलीतली दमट हवा तिथे निवते आहे. भिंतीकडच्या अंगाला आले, तर पाणी भिंतीतूनच येतं आहे. आमच्या प्लास्टिकच्या आत दुसऱ्या दिवशी मोत्यांसारखे थेंब होते.

मी बाहेर जाऊन त्याच भिंतीसमोर उभी राहिले आणि कारण दिसलं. आत्याचा गुलाबांचा वाफा. वर्षानुवर्षं ती त्यात माती आणि खत घालत आली होती, त्यामुळे माती जोत्याच्याही वर चढून भिंतीला टेकली होती. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीला जो थर घालतात, तो मातीखाली गाडला गेला होता. वाफ्याला घातलेलं पाणी त्याच्या वरच्या बाजूनं थेट विटांत शिरत होतं.

वाफा काढायला दोन दिवस लागले, मी आणि दादा, एक कुदळ, एक फावडं. पैसा एक लागला नाही. पण हे काम सगळ्यात अवघड गेलं. तीन जुनी झाडं मुळांसकट बादल्यांत लावून मी घरी आणली, दोन जगली आहेत. माती जोत्याच्या वीतभर खाली आली, तिला भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार दिला. आतला खराब गिलावा काढून टाकला आणि मग थांबलो. भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना धरतात, हा ठोकताळा मला आधी माहीत असता तर पहिला रंग मी मारलाच नसता. खार निघत राहतो तोवर तो कोरड्या ब्रशनंच झाडायचा. पाण्यानं धुतला की तो विरघळून परत भिंतीत जातो.

ती भिंत अजून पूर्ण वाळलेली नाही. खोलीतला तेवढा भाग आम्ही उघडाच ठेवला आहे. दादाला वाटत होतं की गिऱ्हाईक परत जाईल. मी हट्टानं वाफ्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवले, काय केलं ते तारखांसकट एका कागदावर लिहिलं आणि तो कागद त्याच खोलीच्या खिडकीत ठेवला. जो माणूस आयुष्यभराची पुंजी घालून हे घर घेईल, त्याला पहिल्या पावसात आमच्या रंगाखालून ओल सापडावी, हे मला चालणार नाही. आत्यालाही चाललं नसतं.

विजेवर मात्र पैसे मोजले, कारण तिथे हात घालायचं धाडस करू नये. स्वयंपाकघरातला एक सॉकेट काळा पडला होता. वायरमननं तो आणि त्यामागची वायर बदलली, बाकीची जोडणी तपासून दिली. मेन बोर्डाचं झाकण उघडलं तर प्रत्येक बटणाखाली आत्याच्या अक्षरातली चिठ्ठी. 'मागची खोली.' 'मोटार, आधी व्हॉल्व्ह बघ.' 'हे बंद करू नको, फ्रिज.' निळ्या शाईचं पेन, वर पारदर्शक टेप, तिच्या कडा पिवळ्या पडलेल्या. वायरमननं नव्या पट्ट्या लावू का विचारलं, मी नको म्हणाले. त्या चिठ्ठ्या बरोबर आहेत, तो स्वतः एकेक तपासून म्हणाला.

नळांची किरकिर फारशी नव्हती. दोन वायसर बदलले. फ्लशची टाकी झिरपते का हे बघायला टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकले आणि अर्धा तास कुणी फ्लश केला नाही. भांड्यात रंग उतरला, म्हणजे आतलं रबर गेलेलं. तेही बदललं.

उजव्या रकान्यातली कामं मला फार आवडली. सगळ्यात जास्त फरक काचांनी पडला. व्हिनेगर घातलेलं पाणी आणि जुनी वर्तमानपत्रं, एवढ्यावर अकरा खिडक्या. बैठकीच्या खोलीत अर्धी खिडकी झाकून एक कपाट उभं होतं, ते सरकवल्यावर खोली दुप्पट झाल्यासारखी वाटली. नळांवरचे पांढरे डाग व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं की सुटतात, फक्त संगमरवरावर ते सांडू देऊ नका, चकाकी जाते. स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं लोंबत होती कारण बिजागऱ्यांच्या स्क्रूची भोकं मोठी झाली होती. भोकात गोंद लावलेल्या आगकाड्या ठोकायच्या, वाळू द्यायच्या, वरचा भाग कापून स्क्रू परत पिळायचा. सोळा दारं अशी सरळ केली.

दारांच्या चौकटी घासताना मात्र जपून. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि कोरडं घासलं तर त्याची धूळ घरभर होते. मी पॉलिशपेपर ओला करून घासला, तोंडाला चांगला मास्क बांधला, आणि दादाच्या मुलीला त्या दिवसांत घरात येऊ दिलं नाही.

दादाशी एकदाच खरं भांडण झालं, न्हाणीघराच्या फरशांवरून. त्याला सगळ्या फिकट हिरव्या फरशा उपटून नव्या बसवायच्या होत्या. त्यात आमचे सगळे पैसे गेले असते, आणि घेणारा आपल्या आवडीच्या बसवायला त्या पुन्हा फोडणारच. फरशा एकही फुटलेली नव्हती, काळे पडले होते ते सांधे. खायच्या सोड्याचा लगदा आणि दातांचा ब्रश घेऊन मी एक भिंत घासून दाखवली. ॲसिड मुद्दाम टाळलं, ते सांध्यातलं सिमेंटच खातं. दादा बराच वेळ बघत उभा राहिला, मग दुसरा ब्रश घेऊन खाली बसला. आम्ही लहानपणी सुट्टीला आलो की याच न्हाणीघरात आत्या आम्हाला आंघोळ घालायची, याची आठवण त्यानंच काढली.

सामान काढताना एक गोष्ट बरी झाली, आम्ही कागदाला शेवटपर्यंत हात लावला नाही. कपडे, भांडी, भंगार आधी, आणि त्या भंगाराच्या पैशांतून दुसरा रंग आला. मग एकेक पाकीट उघडून पाहिलं. घराचं मूळ खरेदीखत विणकामाच्या नमुन्यांच्या फायलीत होतं. रद्दीत घातलं असतं तर आज आम्ही दारोदार फिरत असतो. आत्याच्या पलंगाला आणि लिहायच्या टेबलाला मात्र जागेवरच ठेवलं आहे. अगदी रिकाम्या खोलीत किती काय मावेल, हे बघणाऱ्याला कळत नाही.

रविवारी पहिलं कुटुंब घर बघायला येणार आहे. वहीत आता दोनच कामं उरली आहेत. बैठकीतले दोन दिवे पांढरे आणि एक पिवळा आहे, तो बदलायचा. आणि शनिवारी संध्याकाळी जाऊन सगळ्या मोऱ्यांत पाणी ओतायचं.