घड जमिनीला न टेकवता: पॅकहाऊसमधला बदल पचवताना

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळी कापायची रीत पिढ्यांपासून ठरलेली आहे. घड कापायचा, खांद्यावर घेऊन बांधाशी आणायचा, जमिनीवर रचायचा, पानं अंथरून ट्रकमध्ये थप्पी लावायची. मोजणी क्विंटलवर आणि मजुरीही वजनावर. निर्यातीचं पॅकहाऊस, म्हणजे माल धुऊन बॉक्समध्ये भरायची जागा, आलं की यातलं जवळपास सगळंच बदलतं. घड जमिनीला टेकवायचा नाही, फण्या वेगळ्या करायच्या, पाण्याच्या हौदात चीक काढायचा, तुरटीच्या पाण्यातून काढून निथळायचं, 13 किलोचा बॉक्स भरायचा आणि साधारण 13 अंशांच्या शीतगृहात ठेवायचा. ही पद्धत बसवण्याचं काम मी केलं. त्यातून पक्कं झालेलं माझं मत असं की लोकांचा विरोध बहुतेक वेळा हिशोबात असतो आणि आपण तो स्वभावात शोधत बसतो.

हिशोब साधा आहे. समजा दहा जणांची टोळी जुन्या पद्धतीने दिवसाला 10 टन माल काढते आणि दर टनाला 600 रुपये आहे. माणशी 600 रुपये पडले. आता घड दोघांनी धरायचा, फोमच्या गादीवर ठेवायचा, एकावर एक रचायचा नाही. तीच टोळी सुरुवातीला 6 टनांवर येते आणि हजेरी 360 रुपयांवर. अशा वेळी गुणवत्तेवर कितीही चांगलं प्रशिक्षण द्या, संध्याकाळी हातात 360 रुपये पडणारा माणूस दुसऱ्या दिवशी घड जमिनीवरच टाकणार. त्याला आळशी किंवा अडाणी म्हणणं हा अन्याय आहे.

म्हणून पद्धतीच्या आधी मजुरीचं मोजमाप बदलायचं. आम्ही तीन टप्पे ठेवले. आधी मागच्या काही आठवड्यांच्या पावत्यांवरून प्रत्येकाची सरासरी काढून तेवढी हजेरी बांधून दिली, काम कितीही होवो. हात बसल्यावर बॉक्सवर दर आणला, पण बांधलेली हजेरी खालची मर्यादा म्हणून कायम ठेवली. शेवटी गुणवत्तेच्या तपासणीत पास झालेल्या बॉक्सवर वाढीव रक्कम. नुसता बॉक्सवर दर ठेवला तर घाई होते, चीक पूर्ण न निथळता फण्या भरल्या जातात आणि सालीवर डाग राहतात. 1 टन भरण्यायोग्य फण्यांचे साधारण 77 बॉक्स होतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवला, म्हणजे दर कुठून आला ते कोणालाही पडताळता येतं.

दर बसवताना टोळीतली सगळी माणसं समोर हवीत. 1948 साली प्रसिद्ध झालेला कॉक आणि फ्रेंच या संशोधकांचा अभ्यास अमेरिकेतल्या हारवूड पायजमा कारखान्यातला आहे, तिथेही मजुरी नगावरच होती. ज्या गटाला नवी पद्धत आणि नवा दर नुसता कळवला, त्याचं उत्पादन खालीच राहिलं आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के कामगार सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांनी कामाची नवी रचना ठरवण्यात भाग घेतला, ते लवकर सावरले, जुन्या वेगाच्या पुढे गेले आणि त्यांतलं कोणी सोडून गेलं नाही. केळीच्या हौदाशी उभं राहिलं की हा फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरी अडचण विश्वासाची. "भाऊ, खाली ठेवलं तर केळीला काय होतं?" हा प्रश्न रास्त आहे, कारण हिरव्या केळीवर मुका मार दिसतच नाही. तो पिकल्यावर काळा पडतो, आणि तोवर माल आखाती देशाच्या वाटेवर असतो. कापणाऱ्याला त्याचा दोष कधी दिसतच नाही. यावर भाषण उपयोगी नाही. एकाच बागेतले, एकाच दिवशीचे दोन बॉक्स घ्यायचे, एक जुन्या हाताळणीचा, एक नव्या. दोन्ही रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीत, 24 तास इथिलीन या पिकवणाऱ्या वायूवर आणि मग 16 ते 18 अंशांवर चार-पाच दिवस ठेवायचे. मग टोळीसमोर उघडायचे आणि आपण गप्प राहायचं. डाग कुठल्या धक्क्याने पडला हे मजूर आपल्यापेक्षा नेमकं सांगतात. हा प्रयोग दर पंधरवड्याला चालू ठेवावा, नवीन माणसं येतच असतात.

मुकादमाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक बदल तिथेच अडतात. मुकादमाने मजुरांना उचल दिलेली असते आणि ती आठवड्याच्या पगारातून वळती होते. कंपनीने मजुरी थेट बँक खात्यात टाकायची ठरवली की त्याची वसुली धोक्यात येते. तो उघड विरोध करत नाही, फक्त त्याची चांगली माणसं दुसऱ्या कापणीला जाऊ लागतात. त्याला टाळून मजुरांशी परस्पर बोललं तर टोळी फुटते. उचलीच्या रकमा मजूर, मुकादम आणि कंपनी अशा तिघांच्या सह्यांनी लिहून घ्याव्यात, हप्ता मजुराच्या संमतीने ठरवावा आणि मुकादमाला लॉटचा, म्हणजे एका कापणीच्या मालाचा, जबाबदार करावं. कापणीच्या पावतीवर त्याची सही आणि पास झालेल्या लॉटवर त्याचं कमिशन. मग घड खाली ठेवणाऱ्याला तोच आधी हटकतो.

हौदावरच्या बायकांची तक्रार वेगळी होती: चिकाने आणि तुरटीने हात फाटतात, पाय ओले राहतात. हा विरोध नव्हे, ही कामाची खरी उणीव. हातमोजे, गमबूट, कोपराच्या उंचीला येणारा हौद, आणि ठरावीक वेळाने हौदावरून वजनकाट्यावर पाळी बदलणं, एवढ्याने ती मिटते.

शेतकऱ्याशी बोलणं दांड्यावरून, म्हणजे फण्या ज्याला लागतात त्या मधल्या दांड्यावरून, अडतं. घडाच्या वजनात दांडा साधारण दहावा हिस्सा असतो. बोर्ड भावात, म्हणजे बाजाराच्या जाहीर भावात, तो मोजला जातो, बॉक्समध्ये नाही. बॉक्सचा भाव सांगताना घडाच्या वजनावर तो किती पडतो, हे त्याच कागदावर लिहून द्यावं.

सुरुवात एका हौदाने आणि राजी असलेल्या एकाच टोळीने करावी. बाकी माल ट्रकने जाऊ द्यावा. मे-जूनमध्ये कधीच सुरू करू नये. वादळाच्या भीतीने तेव्हा सगळ्यांनाच माल लवकर काढायचा असतो. काय चर्चेला खुलं आहे आणि काय नाही, तेही पहिल्याच दिवशी सांगावं. दर, पाळ्या, सुट्टी यांवर बोलता येईल. धुण्याच्या पाण्यातलं क्लोरीन आणि कोयत्याची सुरक्षितता यांवर नाही. कायम कामगार असतील तर मजुरीची पद्धत बदलण्याआधी औद्योगिक कायद्याप्रमाणे 21 दिवसांची लेखी सूचना लागते, ती वेळेत द्यावी.

पद्धत मोडते ती सुरुवातीला नाही, गर्दीच्या दिवशी. कंटेनर दारात उभा असतो आणि व्यवस्थापकच म्हणतो, "आजच्या दिवस राहू द्या." त्या एका वाक्याने महिन्यांची मेहनत जाते, कारण नियम आपल्या सोयीचा होता हे लोकांना कळतं. म्हणून दिवसाची कमाल आवक आधीच ठरवून ठेवावी आणि गर्दीत आवक कमी करावी, हाताळणी नाही. त्यासाठी शेतकऱ्याला कापणी उद्यावर ढकलायचा फोन व्यवस्थापकाने स्वतः करावा, मुकादमावर सोडू नये.