माझा ताण आणि संत्र्याचा ताण: चार महिन्यांच्या नोंदी

1 नोव्हेंबरला ठरवलं होतं की रोज सकाळी परसात वीस मिनिटं नुसतं बसायचं. फोन आत, झारी आत, खुरपीही आत. आता मार्च लागला, तेव्हा वहीतल्या नोंदी नीट मांडते. बागेत शांत बसायची सवय लावू पाहणाऱ्यांना माझ्या चुका तरी कामी येतील.

जागा आधी सांगते. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातलं जुनं घर, मागे साधारण 15 बाय 20 फुटांचा परस, खाली अस्सल काळी माती. पावसाळ्यात चप्पल गिळते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात संत्र्याचं एक झाड (जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली कलम, पाच वर्षांची), गोडनिंब (कढीपत्ता), मोगरा आणि सांबार (कोथिंबीर) व पालकाच्या कुंड्या. मोढा संत्र्यासमोर टाकते.

पहिला आठवडा. सर्वांत जास्त बसले ती 4 मिनिटं. बसलं की पिवळं पान दिसायचं. ते तोडायला उठलं की बुंध्याशी मुंग्या दिसायच्या. मुंग्यांसाठी हळद आणायला आत गेलं की गॅसवर चहा चढायचा, आणि बसणं तिथंच संपायचं.

दुसरा आठवडा. युक्ती बदलली. उठावंसं वाटलं की वहीत एक रेघ मारायची, पण उठायचं नाही. पहिल्याच दिवशी 17 रेघा. कशासाठी उठावंसं वाटलं तेही एका शब्दात लिहीत होते, त्यामुळे रात्री वही चाळताना गंमत कळली: 17 पैकी 11 वेळा ‘पाणी’. म्हणजे मन अस्वस्थ झालं की माझा हात झारीकडे जातो! झाडाला तहान लागलीय की नाही, हे मी कधी बघतच नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात त्याचं फळ दिसलं. इतके दिवस समोर बसून बसून शेवटी बुंध्याकडे नीट लक्ष गेलं. जमिनीपासून वीतभर वर साल तडकून डिंक आला होता. शेजारच्या काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, त्यांना बोलावलं. खाली वाकून पाहिलं त्यांनी, आणि म्हणाले, “डिंक्या आहे हा. पाणी पाजू पाजू मारून टाकशीन पोरी तू झाडाले.”

उपाय त्यांनीच सांगितला. डिंक आणि सडकी साल खरवडून बोर्डो पेस्ट लावायची. बागेसाठी मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. मला याचा दहावा हिस्सा पुरून उरला. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी भांडं चालत नाही. शिवाय दुहेरी आळं केलं: बुंध्याभोवती मातीचा लहान उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचा गोल. पाणी खोडाला लागतच नाही. (हे आळं करताना मात्र खुरपी घेतली होती. बसायच्या वेळात नव्हे, संध्याकाळी!)

डिसेंबर. काका म्हणाले, “आता पाणी तोड अन् गप बस. झाड काय कुठी पळून नाही जात.” आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारी फुलं, धरायचा तर थंडीत झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तुटलं की नवी पालवी थांबते, अन्न फांद्यांत साठतं, आणि मग पाणी दिलं की फुलं येतात. भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहते, त्यामुळे ताण बसायलाही वेळ लागतो. 1 डिसेंबर ते 20 जानेवारी, मी एक थेंब दिला नाही.

हे पन्नास दिवस लिहिण्यासारखे. माझा ताण घालवायला बसले होते, आणि समोर झाडाला ताण देऊन बसावं लागत होतं. पानं मलूल झाली, कडा आत वळल्या, खालची गळायला लागली. 24 डिसेंबरची नोंद: “आज 9 रेघा, सगळ्या पाणी. दोनदा तर उठून उभी राहिले.” त्या दिवसांत एकच गोष्ट उपयोगी पडली: कान. आधी सर्वांत लांबचा आवाज शोधायचा, बहुतेक वेळा अजनी स्टेशनकडची गाडीची शिट्टी. मग त्याहून जवळचा, मग आणखी जवळचा. शेवटी गळालेल्या पानांत सातभाई खसखस करत किडे शोधतात, तिथपर्यंत पोचायचं. तोवर दहा-बारा मिनिटं निघून जातात. श्वास मोजणं मला कधीच जमलं नाही, मोजताना मी दुधाचा हिशेब करायला लागते.

जानेवारी. 20 तारखेला शेणखत घालून पाणी दिलं. पहिलं हलकं, नंतर भरपूर. बाकी काही नाही.

फेब्रुवारी. दुसऱ्या आठवड्यात कळ्या, मग पांढरी फुलं. वास सकाळपेक्षा तिन्हीसांजेला जास्त, म्हणून काही दिवस दोनदा बसले. तांबट पक्ष्याचं टुक टुक सुरू झालं आणि लांबच्या आवाजांच्या यादीत शिट्टीची जागा त्यानं घेतली. 18 तारखेला पहिल्यांदा पूर्ण 20 मिनिटं, 2 रेघा.

मार्च, चालू. फुलं गळून हिरव्या मिरीएवढी फळं दिसतायत. त्यातली बरीच गळणार, हे काकांनी आधीच बजावलंय. कोवळ्या पालवीवर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या आल्या आहेत. लहान असताना त्या हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून इतकी वर्षं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. मोठी झाली की हिरवीगार, आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. दोन उचलून गोडनिंबावर ठेवल्या, तोही त्यांना चालतो. उरलेल्यांचं काय करायचं ते ठरत नाही.

आज 22 मिनिटं. रेघा 3, तिन्ही अळ्यांसाठी.