एकच कॅसेट इतकी वर्षं का ऐकतो

‘एवढ्या वर्षांत ऐकायला दुसरं काही मिळालंच नाही का?’ गावातली पोरं विचारतात आणि नागपूरचे कॉलेजातले मित्रही विचारतात. रोख असतो ‘मेड इन जपान’वर. डीप पर्पल या इंग्लंडच्या रॉक बँडचा १९७२ सालचा हा लाइव्ह अल्बम. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

मी वडसा भागातला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला. आमच्याकडे दिवाळी झाली, मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा भरू लागल्या, की नाटकं सुरू होतात. रात्री पडदा उघडतो आणि पहाटे घरी जायचं. माझे बाबा या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. पाय भात्यावर, बोटं पट्ट्यांवर आणि नजर गाणाऱ्याच्या तोंडावर. वन्समोअर आला की गाणं लांबवायचं. गाणाऱ्याचा दम संपला तर त्याचा श्वास परत येईपर्यंत सूर धरून ठेवायचा. हे मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून पाहिलंय. तेच नाटक, तीच गाणी, पण कालच्या गावातलं गाणं आजच्या गावात तसंच्या तसं कधी झालं नाही.

नागपूरला शिकायला गेलो तेव्हा खोलीतल्या एका मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर हा अल्बम भरून दिला. पहिल्याच गाण्यात ऑर्गनचा आवाज आला आणि मी उठून बसलो. जॉन लॉर्ड हा त्यांचा ऑर्गनवाला. हॅमंड हा विजेवर चालणारा ऑर्गन तो गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून वाजवायचा, त्यामुळे सूर खरखरीत, जाड, गिटारच्या तोडीस तोड येतो. इतका राकट ऑर्गन मी तोवर ऐकला नव्हता, तरी तो मला परका वाटला नाही.

ही रेकॉर्डिंग १९७२ च्या ऑगस्टची. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियोचं बुडोकान सभागृह. लाइव्ह रेकॉर्ड हवी, ही मागणी जपानमधल्या कंपनीची होती. बँडने अट घातली की आमचा माणूस रेकॉर्डिंग करेल, आणि मार्टिन बर्च सोबत आला. तीन रात्रींतून सात गाणी निवडली. त्यांतली चार त्याच वर्षी आलेल्या ‘मशीन हेड’ या स्टुडिओ अल्बममधली, म्हणजे ताजीच. नंतर स्टुडिओत बसून वरून काही भरलं नाही. जे वाजलं ते.

स्टुडिओतली गाणी वाईट आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण ‘स्पेस ट्रकिन’ तिथे साडेचार मिनिटांचं आहे आणि इथे जवळजवळ वीस. खरं सांगतो, या विसातली पाचेक मिनिटं मला आजही जड जातात. इयान पेसचा लांबलचक ड्रम सोलो असलेलं ‘द म्यूल’सुद्धा प्रत्येक वेळी पूर्ण ऐकवत नाही. पेसचा हात कमालीचा आहे, पण त्या वेळी बाकीचे चौघे गप्प असतात, आणि या अल्बमची ताकद पाचही जण एकमेकांचं ऐकतात यात आहे.

ते नीट ऐकायचं असेल तर ‘चाइल्ड इन टाइम’ लावा. लॉर्ड अगदी हळू, पोकळ सुरात सुरुवात करतो. गायक इयान गिलन जवळजवळ कुजबुजतो. मग शब्द सुटतात, नुसता ‘आ’कार उरतो आणि एकेक पायरी चढत किंकाळीपर्यंत जातो. त्या चढणीत ऑर्गन एकदाही घाई करत नाही. गिलन स्वतःच्या त्या दिवसांतल्या गाण्यावर खूश नव्हता, हे मी पुढे वाचलं. माझं मत बदललं नाही. गळ्यावर ताण आहे, तो ऐकूही येतो, आणि म्हणूनच त्या वरच्या सुराची किंमत कळते.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये तर सरळ सवालजवाब आहे. रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तो गळ्याने परत करतो. तुकडे अवघड होत जातात, गिलन मागे हटत नाही. आपल्याकडे जुगलबंदी ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

एकदा सुटीत घरी टेपवर हेच लावलं होतं. बाबा धानाची पोती मोजून आत आले आणि उंबऱ्यावरच थांबले. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. बराच वेळ ऐकून म्हणाले, ‘हा पेटीवाला कोन होय गा? गानाऱ्याच्या तोंडाकडं पाहून वाजवते.’ इतक्या वर्षांत या अल्बमबद्दल मी बरंच वाचलं, पण लॉर्डबद्दल इतकं नेमकं कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही.

या पाच जणांचा संच पुढे वर्षभरही टिकला नाही. जून १९७३ मध्ये गिलन आणि बास गिटारवाला रॉजर ग्लोव्हर बाहेर पडले, आणि शेवटचा कार्यक्रमही ओसाकातच झाला. पुढे हे पाचही जण पुन्हा एकत्र आले, परत तुटले. बँडचे किती तरी लाइव्ह अल्बम निघाले. त्यांतले बरेच मी मिळवून ऐकले. सफाई जास्त आहे, पण उद्या काय वाजेल हे कुणालाच ठाऊक नाही, ती धाकधूक ‘मेड इन जपान’इतकी कुठेच नाही. १९९३ साली या तीन रात्रींचं बरंचसं रेकॉर्डिंग तीन सीडींत आलं. तीच गाणी तिन्ही रात्री वेगळी निघतात. मला तर आमच्या मंडईतली नाटकंच आठवली.

एक गोष्ट राहिली. माझ्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. पहिली चार गाणी झाली की ‘स्ट्रेंज काइंड’ पूर्ण मावायचं नाही, शेवटी शेवटी टेप खटकन थांबायची. त्या दिवशीही थांबली. बाबा उंबऱ्यावरून आत आले, कोपऱ्यातली पेटी ओढली, भाता हलवून सूर शोधला आणि ते राहिलेलं गाणं आपल्या पद्धतीने समेवर आणून ठेवलं.